भाऱ्याला वाट

पोस्टकार्ड आता कोणी पाठवत नाही. म्हणून आमच्या पोस्टमनने ते आधी स्वतः वाचलं, मग हसत हसत माझ्या हातात दिलं. एका दैनिकात मी लेख लिहिला होता. बलवान सैन्य हा देशाच्या संरक्षण धोरणाचा कणा कसा, याबद्दल. रणगाडे, विमानं, पाणबुड्या, तोफा, अंदाजपत्रक, सगळं त्यात होतं. कार्डावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं, ‘मॅडम, लेख वाचला. तुम्ही रणगाडे मोजले, विमानं मोजली. पाय नाही मोजले. सैन्य पायापासून सुरू होते. या एकदा इकडे, दाखवतो. धानाच्या कापणीत या, भात नवा राहील.’ खाली सही, सुभेदार (निवृत्त) मेश्राम, तहसील लांजी, जिल्हा बालाघाट.

मी साताऱ्याची. एकतीस वर्षं कॉलेजात संरक्षणशास्त्र शिकवलं. आमच्याकडे घराघरात एखादा तरी फौजी निघतो, आणि साताऱ्याच्या बाईला सैन्य शिकवायला निघालेला हा माणूस कोण, असं मला वाटलं. माझ्या वहीत बालाघाट होता तो एका ओळीपुरता, ‘सामरिक खनिजे’ या मथळ्याखाली. मँगनीज आणि तांबे. ती ओळ मी एकतीस वेळा फळ्यावर लिहिली आणि गाव एकदाही पाहिलं नाही. नोव्हेंबरात मी तिकीट काढलं. सुभेदारांच्या टोमण्यासाठी गेले की नव्या भातासाठी, हे मला विचारू नका.

लांजी

गोंदियाहून निघालेली बस वाघ नदीचा पूल ओलांडते आणि राज्य बदलतं. बाकी काही बदलत नाही. दुकानांच्या पाट्या हिंदी होतात, पण माझ्या शेजारी बसलेली बाई ज्या मराठीत बोलत होती त्याच मराठीत पुढे बोलत राहिली, मधून मधून हिंदीचं ठिगळ लावत. दोन्हीकडे पिवळं धान उभं होतं, काही कापून आडवं केलेलं. एवढ्या सपाट मुलखात मी कधी आले नव्हते. आमच्याकडे नजर दोन मैलांत कुठल्या तरी डोंगराला अडते.

स्टँडवर एक ठेंगणा, ताठ पाठीचा माणूस उभा होता. गळ्यात दोरीने अडकवलेलं स्टॉपवॉच. “जय भीम, मॅडम. बस चार मिनिटं लेट हाय,” ते म्हणाले आणि माझी बॅग उचलली. हेच सुभेदार. गाव तिथून तीनेक किलोमीटर. त्रेसष्टाव्या वर्षी मी परक्या माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसले आणि डोळे मिटून घेतले.

घरी त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी ताट वाढून ठेवलं होतं. आमच्याकडे आधी भाकरी, भात शेवटी ताकाला. इथे भात आधी, भात मध्ये आणि शेवटीही भातच. पण तो चिन्नोरचा, इथल्या सुवासिक तांदळाचा. झाकण काढलं तेव्हा ओसरीवरच्या मांजरानेही मान वळवली. बरोबर लाखोळीची डाळ, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तिसऱ्या वाढीला मी नको म्हटलं, तर सुमनबाई म्हणाल्या, “काहून? सातारच्या मानसाले पोट नसते काय?” मग मी पाचवी वाढ घेतली.

जेवण झाल्यावर सुभेदार मला शाळेच्या मैदानावर घेऊन गेले. निवृत्त झाल्यापासून ते इथे गावातल्या पोरांना सैन्यभरतीसाठी तयार करतात. त्यासाठी कोणाकडून काही घेत नाहीत. मला वाटलं आता पराक्रम ऐकायला मिळतील. त्यांनी मला पराभव सांगितला.

गेल्या वर्षी गावचे सात जण भरतीला उतरले. मुख्य गोष्ट धावण्याची. सोळाशे मीटर, चार फेऱ्या, वेळ संपली की मैदानावर दोर धरतात आणि दोराच्या मागे राहिलेला घरी जातो. सातही जण वेळेत येणारे होते, सुभेदारांनी स्वतः प्रत्येकाला घड्याळ लावून पाहिलं होतं. आणि सातही नापास झाले.

कारण ऐकून मी हसले, हे कबूल केलं पाहिजे. हा धानाचा मुलूख. इथे पोर चालायला लागतं ते धुऱ्यावर, म्हणजे दोन बांध्यांमधल्या, भाताच्या दोन खाचरांमधल्या, वीतभर रुंदीच्या बांधावर. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची रोवणी. पुढच्याला ओलांडायचं म्हटलं तर पाय कोणाच्या तरी पिकात पडणार. म्हणून इथलं मूल शाळेत अक्षर शिकण्याआधी शिकतं की पुढच्याच्या पुढे जायचं नाही, आणि वयाने मोठा असेल त्याने आधी चालायचं. भरतीच्या मैदानावर शंभर जणांच्या गर्दीत सातही जण घाबरले आणि सवयीवर गेले. सगळ्यात मोठा रूपलाल पुढे, त्याच्यामागे वयाप्रमाणे बाकीचे. सगळ्यात लहान धनराज शेवटी, आणि सातांत सगळ्यात वेगवान तोच होता. रूपलालच्या अंगात त्या दिवशी कणकण होती. तो मंदावला तसे मागचे सहाही मंदावले.

“दोर रूपलालच्या छातीसमोर पडला,” सुभेदार म्हणाले. “सातही जन लाइनीत उभे. लाइन मातर सरळ होती, मॅडम. परेडले शोभली असती.”

तेव्हा मी हसले. ते हसले नाहीत. चूक आपली, असं त्यांनी सरळ सांगितलं. घड्याळ एक होतं म्हणून त्यांनी एकेकालाच धावायला लावलं, सातांना मिळून एकदाही नाही. सैन्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सुचलं नाही, याचं दुःख त्यांच्या तोंडावर होतं. त्यानंतर पाच जण कामाच्या शोधात नागपूर-हैदराबादला गेले. रूपलालचं वय उलटलं. यंदा लेखी परीक्षा पास होऊन पत्र आलं ते एकट्या धनराजचं, आणि वयाच्या हिशेबात हे त्याचं शेवटचं वर्ष. भरती आठ दिवसांवर होती. धनराज मात्र गावात नव्हता. तो वर डोंगरात बिरसा गावी मामाकडे जाऊन बसला होता आणि धावणार नाही म्हणत होता.

“उद्या जाऊ,” सुभेदार म्हणाले. “तुमी शिकलेल्या. तुमचं ऐकंल.”

एकतीस वर्षं माझं कोणी ऐकलं नव्हतं, पण मी मान डोलावली.

बिरसा

बालाघाटावरून बैहरचा घाट चढायला लागलो आणि मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला, कारण डोंगर दिसले. साल आणि साग, मधूनच बांबूची बेटं, रस्त्याच्या कडेला मोहाची झाडं. उकव्याला मँगनीजची काळी धूळ पानांवर बसलेली दिसली. फळ्यावरची ओळ जीपच्या काचेबाहेर उभी होती. मी ड्रायव्हरला थांबवून एक काळा दगड उचलला. तो इतका जड निघाला की मी तो दोन्ही हातांनी पर्समध्ये घातला.

या रस्त्यावर एके काळी दुपार उतरली की जीप मिळत नसे. जंगलात बंदुका फिरत होत्या, गावं मुकी झाली होती. आता बैहरच्या बाजारात आम्ही पोहे-जलेबी खात उभे होतो आणि शेजारी बैगा बायका हिरड्याची पोती ठेवून गप्पा मारत होत्या. वर्षानुवर्षं मी वर्गात सांगत आले की सुरक्षितता दिसत नाही, ती नसली की दिसते. इथे ती मला जलेबीच्या रांगेत दिसली.

जीपमध्ये मी सुभेदारांना विचारलं की तुमचा सगळ्यात मोठा पराक्रम कोणता. आमच्याकडे हा प्रश्न विचारला की फौजी बाह्या सरसावतो. हे म्हणाले, “बर्फात एका चौकीवर अकरा महिने होतो. समोर त्यायची चौकी. अकरा महिन्यांत एक गोळी नाई चालली.” मी वाट पाहिली. पुढे काहीच आलं नाही. तोच पराक्रम होता.

धनराज बिरशात एका मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करत होता. काटक, लांब पायांचा, हात ग्रीसने काळे. सुभेदारांना पाहून उठला, वाकून पाया पडला आणि पुन्हा चाकाशी बसला. दुकानाचा मालक म्हणाला की रोज पहाटे हा तांब्याच्या खाणीच्या रस्त्याने धावून येतो, एकटाच, आणि डंपरवाले त्याच्याशी शर्यत लावतात. म्हणजे पाय तयार होते. मन तयार नव्हतं.

मी बोलायला सुरुवात केली. देशाच्या सीमा, शेजारी राष्ट्रं, बलवान सैन्य असेल तर युद्ध टळतं, दुबळ्याला शांततासुद्धा मागून घ्यावी लागते. माझं नेहमीचं व्याख्यान, पदरचा मीठ-मसाला घालून. (सैन्यातल्या नव्या चार वर्षांच्या नोकरीबद्दलचं माझं मत मी गाळलं, ते मी वर्तमानपत्रात मांडलेलं आहे.) पोराने सगळं नीट ऐकलं. मग पाना खाली ठेवून त्याने विचारलं, “मॅडम, तुमच्या घरचा कोनी हाय काय फौजेत?”

त्याच्या आवाजात टोचणी नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझा मुलगा बंगळुरात संगणकासमोर बसतो, भाऊ बँकेत होता, नवरा माझ्यासारखाच मास्तर. साताऱ्याची म्हणून मी जी मिरवत होते ती दुसऱ्यांच्या घरची पोरं होती. कोणीच नाही, असं मी सांगितलं आणि मला लाज वाटली.

“मले यायचंच नाई असं नाई,” धनराज हळू म्हणाला. “पन रूपलालदादा माह्या पुढं होता. मी निघून गेलो असतो तं निदान मी तरी लागलो असतो, असं समदे म्हनतात. त्याले मांग टाकून मी जाऊ काय? अन् आता तो घरी बसला, मी वर्दी घालू काय?”

सुभेदारांनी वेगळाच पत्ता टाकला. ते म्हणाले, नको धावू. पण रूपलालचं धान उभं आहे, घरी माणसं कमी आहेत. कापणीला तरी ये. कापणीला नाही म्हणणं या मुलखात कोणाला जमत नाही. तो हात धुऊन आमच्याबरोबर जीपमध्ये बसला.

परतताना मलाजखंडजवळ त्यांनी मला खाण दाखवली. जमिनीत पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलेला एवढा मोठा खड्डा की तळाचे डंपर मुंग्यांएवढे वाटत होते. सुभेदार म्हणाले, तांब्याचं पितळ होतं, पितळेची काडतुसं. “माह्या रायफलीत आपल्या जिल्ह्याचं तांबं होतं का नाई, मले काय मालूम. पन मी होतं असंच समजत होतो. बरं वाटे.”

धुरा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रूपलालच्या शेताकडे निघालो. माझं परतीचं तिकीट त्याच दिवसाचं होतं, ते मी मुकाट्याने रद्द केलं होतं. पाहुणी आणि वयाने मोठी म्हणून धुऱ्यावर मला पुढे चालायला लावलं. माझ्या मागे सुभेदार, त्यांच्यामागे न्याहारीची पाटी डोक्यावर घेतलेल्या सुमनबाई, शेवटी धनराज.

ज्याला धुऱ्यावर चालायचं माहीत नाही त्याने तिथे पुढारपण घेऊ नये. गुडघा माझा आधीच कुरकुरणारा, माती दवाने निसरडी, आणि मला दर चार पावलांवर बगळ्यांचे फोटो काढायचे. मी थांबले की मागची रांग थांबे. कोणी चकार शब्द काढत नव्हतं. पुण्यात एव्हाना कोणी हॉर्न वाजवला असता. गेल्या वर्षी मैदानावर काय झालं असेल ते तेव्हा माझ्या पाठीला कळलं. या लोकांच्या सभ्यतेत पुढच्याला ढकलणं बसत नव्हतं, हीच अडचण होती.

तेवढ्यात मागून आरोळी आली, “भारा! भारा वो, भारा!”

पुढे जे झालं ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. धनराजने एक पाय बांधीत टाकून अंग वळवलं. सुमनबाईंनी पाटीसकट तेच केलं. अठ्ठावीस वर्षं सैन्यात काढलेले, गावात सगळे ज्यांना उठून नमस्कार करतात ते सुभेदारसुद्धा चिखलात उतरले. फक्त मी फोन हातात घेऊन धुऱ्याच्या मधोमध उभी होते. सुभेदारांनी माझा दंड धरून ओढलं आणि मी गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. माझ्या कानाजवळून सळसळत धानाचा एक भारा निघून गेला. त्याच्याखाली एक माणूस होता, मान ताठ, नजर समोर, चाल जराही मंद न करता. तोच रूपलाल.

खळ्यावर सुमनबाई माझे पाय धूत असताना मला नियम सांगण्यात आला. ज्याच्या डोक्यावर भारा त्याला वाट. तो थांबला तर मान आखडते, दाणे गळतात, वर्षाची मेहनत मातीत जाते. म्हणून तो ओरडतो आणि पुढचा बाजूला होतो, मग पुढे पाटील असो, मास्तर असो नाहीतर त्याचा स्वतःचा बाप असो. धुऱ्यावर पुढच्याला ओलांडायची हीच एक वाट, आणि तिच्यात कोणाचा अपमान होत नाही.

मी चप्पल शोधत होते. सुभेदार मात्र हातातला चहा तसाच धरून पुंजण्याकडे, म्हणजे रचलेल्या भाऱ्यांच्या ढिगाकडे पाहत उभे होते. चहा निवला. मग त्यांनी रूपलालला हाक मारली आणि धनराजने बिरशाला जे सांगितलं होतं ते सगळं त्याला सांगितलं, धनराजसमोरच.

रूपलाल रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्याने डोक्यावरची चुंबळ काढून झटकली. भरती हुकल्याचं दुःख त्याने गिळलं असेल असं मला वाटलं होतं, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. धनराजकडे पाहत तो म्हणाला, “आत्ता मी आलो तं काका चिखलात उतरले. काकाची इज्जत गेली काय?”

“नाई,” धनराज म्हणाला.

“मंग मले काहून इज्जत सांगतं तू? माहं झालं ते झालं. मी अजून धुऱ्यावर उभा हावो, तू मांग उभा हाय. तू आवाज देत नाई, अन् मी हटू शकत नाई. आवाज दे ना, भाऊ.”

सुमनबाईंनी पदराने नाक पुसलं. धनराजने मान खाली घातली, आणि वर केली तेव्हा त्याने सुभेदारांना विचारलं की संध्याकाळी मैदान मोकळं आहे का.

मैदान

पुढचे पाच दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मानाचे दिवस होते, कारण मी अडथळा होते. सुभेदारांनी मैदानावर चुन्याने चार फेऱ्यांची वाट आखली आणि गावातला प्रत्येक मंद चालणारा माणूस तिच्यावर सोडला. मी, शाळेचे जाडजूड हेडमास्तर, दोन म्हाताऱ्या आणि एक म्हैस. सगळ्यांच्या पुढे रूपलाल, दमलेल्या माणसाच्या चालीने धावत. धनराजने मागून यायचं, दहा पावलांवरून “भारा!” म्हणून आवाज द्यायचा आणि वाट मिळताच निघून जायचं.

पहिल्या दिवशी त्याचा आवाजच फुटेना. तो रूपलालच्या मागे आला की आपोआप त्याची पावलं रूपलालच्या पावलांत पडत आणि दोघे एकामागे एक धावत राहत. सुभेदार ओरडत नव्हते. ते घड्याळाकडे पाहून नुसते सेकंद सांगत. दुसऱ्या दिवशी रूपलालने युक्ती केली. त्याने धानाची एक पेंढी आणून धनराजच्या डोक्यावर बांधली. डोक्यावर वजन पडलं मात्र, पोराच्या तोंडून “भारा!” असा आवाज निघाला की म्हैस कुंपणापलीकडे गेली. तिसऱ्या दिवशी पेंढी अर्धी केली, चौथ्या दिवशी एक काडी, पाचव्या दिवशी काहीच नाही. आवाज मात्र तोच राहिला.

“काकाजी, पन तिकडचे पोरं मले वळखत नाई,” धनराज म्हणाला. “त्यायले काय समजंल?”

“बालाघाट जिल्ह्याचे पोरं हायेत,” सुभेदार म्हणाले. “धानाचेच खातात.”

बालाघाट

भरतीच्या मैदानात घरच्यांना सोडत नाहीत. आम्ही समोरच्या एका चहावाल्याच्या गच्चीवर चढलो. शिडी बांबूची होती, माझा गुडघा आणि ती शिडी यांनी मिळून माझी परीक्षा घेतली. वर पोचले तेव्हा तांबडं फुटत होतं. खाली धुकं, धुक्यात पांढऱ्या बनियनमधली शेकडो पोरं, छातीवर नंबर. लांजीची, बैहरची, बिरशाची, डोंगरातली आणि बांध्यांतली, अनवाणीही काही. मी एकतीस वर्षं ‘मनुष्यबळ’ असा शब्द वापरला होता. त्या शब्दाला असे थंडीने कापणारे गुडघे असतील हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

धनराजचा गट सोडला तेव्हा सुभेदारांनी घड्याळ दाबलं आणि दुसऱ्या हाताने गच्चीचा कठडा घट्ट धरला. रूपलाल माझ्या शेजारी होता. पहिली फेरी गर्दीतच गेली, आम्हाला धनराज सापडेना. दुसऱ्या फेरीत तो दिसला, मधोमध. त्याच्या पुढे पंधरा-वीस जणांची रांग होती. एकामागे एक, सरळ, सुरेख, परेडला शोभेल अशी. सगळ्यात पुढचा पोरगा दमलेला दिसत होता. मागचे सगळे निमूटपणे त्याच्या चालीने धावत होते. म्हणजे हे दुखणं एका गावाचं नव्हतं.

तिसरी फेरी. धनराज रांगेतच. सुभेदार सेकंद सांगायचे थांबले होते. रूपलाल ओठ न हलवता पुटपुटत होता, आवाज दे, आवाज दे. चौथ्या फेरीचं वळण आलं, दोर धरणारे दोघे जवान उभे राहिले, आणि तेव्हा ती आरोळी आली. धुक्यातून, मैदानाच्या त्या टोकापासून आमच्या गच्चीपर्यंत.

“भारा! भारा वो!”

आणि रांग दुभंगली. अनोळखी गावांची, वेगवेगळ्या घरांची पंधरा-वीस पोरं, कोणीही मागे वळून पाहिलं नाही. एकेकाचा पाय आपोआप बाजूला पडला, अंग वळलं, आणि मधून वाट झाली. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती ती, तिला विचार करावा लागत नाही. धनराज त्या वाटेतून असा निघाला की डंपरवाल्यांनी त्याच्याशी शर्यत का लावली असेल ते मला समजलं. आणि गंमत पुढेच झाली. त्याच्यामागच्या कोणाला तरी युक्ती कळली. “भारा!” असा दुसरा आवाज आला, मग तिसरा. रांग मोडून सगळे सुटले. तो एकटा गेला नाही, आपल्यामागे दहा-बारा जणांना घेऊन गेला. दोर पडला तेव्हा ते सगळे पलीकडे होते.

मी गच्चीवर किंचाळले. एका निवृत्त प्राध्यापिकेला शोभणार नाही असं किंचाळले, आणि रूपलालला मिठी मारली. तो हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम. सुभेदारांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मला दाखवलं. चहाचा एक घोट घेण्याएवढी वेळ हाताशी उरली होती.

त्या सकाळी चहावाल्याच्या बाकावर बसून मी माझा जुना धडा मनातल्या मनात पुन्हा लिहिला. बलवान सैन्य कशासाठी, तर कोणाला चिखलात ढकलण्यासाठी नव्हे. डोक्यावर मौल्यवान काही घेऊन निघालेल्या माणसाला थांबावं लागू नये, यासाठी. त्याची मान ताठ आणि पाय पक्के दिसले की समोरचा आपण होऊन बाजूला होतो, गोळी न चालता. अकरा महिने बर्फात उभं राहून सुभेदारांनी जे केलं ते हेच. मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, “हौ. पोस्टकार्डात एवढं लिहाले जागा नव्हती.”

परत

उंची-छातीची मापं, बीमवरचे पुल-अप्स, दुसऱ्या दिवशीची वैद्यकीय तपासणी, सगळ्यातून धनराज पार पडला. हे लिहिते आहे तोवर अंतिम यादीही लागली आहे आणि तिच्यात त्याचं नाव आहे. पण मला शेवटी सांगायचं आहे ते त्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचं, जेव्हा आम्ही बसमधून उतरून गावाकडे चालत निघालो.

सडकेने गेलो असतो तर वळसा पडला असता. आम्ही धुऱ्याने निघालो, नेहमीच्या क्रमाने. मी पुढे, मग सुभेदार, मग रूपलाल, शेवटी धनराज. ऊन कलतं होतं. कापलेल्या बांध्यांत पाणी अजून चमकत होतं आणि गावाकडून हलगीचा आवाज येत होता, बातमी आमच्याआधी पोचली होती. मी एकही फोटो न काढता नीट चालत होते, कारण आता मला धुऱ्याची रीत कळली होती.

मागे पावलं थांबली तशी मी वळून पाहिलं. सुभेदार उभे राहिले होते. त्यांनी धनराजकडे पाहिलं, मग चपला हातात घेतल्या आणि एक पाय बांधीतल्या चिखलात टाकून अंग वळवलं. त्यांच्यामागे रूपलालनेही तसंच केलं. वाट मोकळी झाली. धनराज जागचा हलेना. त्याने आवाज दिला नव्हता, आणि त्याचे हात तर रिकामे होते.

“काकाजी, काहून? माह्या डोक्यावर तं काईच नाई.”

“आता हाय,” सुभेदार म्हणाले. “जा पुढं.”

तो माझ्याजवळ येईपर्यंत मी चपला काढलेल्या होत्या. या वेळी कोणाला मला ओढावं लागलं नाही.